नेव्हिल डिसोझा

गोव्याच्या उत्तर भागात बार्देश नावाचा तालुका आहे. म्हापसा हे त्यातील मोठे बाजाराचे गाव. म्हापशाहून थोडे पश्चिमेकडे गेले म्हणजे डोंगराच्या कुशीत वसलेले, नारळी-फणसांच्या गर्द सावलीत झाकून गेलेले आसगाव लागते. फुलांचे गाव अशी त्याची जुनी ख्याती आहे. आसगावाला लागूनच शिवोली हे गाव आहे आणि गोव्याच्या क्रीडेतिहासात शिवोलीला मोठे मानाचे स्थान आहे. इ. स. १८८३ मध्ये विल्यम लायन्स नावाचा एक इंग्रज पाद्री तेथे येऊन राहिला व त्याने गावातील मुलांना फुटबॉलचा खेळ शिकविला, असे सांगतात. पुढे चर्चच्या शाळांमधून हा खेळ गावोगाव पसरला. पावसाळा ओसरून भाताची कापणी झाली, की मोकळ्या पडलेल्या शेतांत गावागावांचे सामने रंगू लागले. ज्या आसगावाचे डिसोझा घराणे, त्या घराण्यातील मुलाच्या पायाला चेंडूची ओढ लागावी, यात म्हणूनच नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

नेव्हिल डिसोझा यांचा जन्म ३ जुलै १९३२ रोजी झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. सत्ता तीनचारशे वर्षांची जुनी, परंतु तेथे उद्योगधंदे नव्हते, मोठ्या नोकऱ्या नव्हत्या, उच्च शिक्षणाची सोय बेताचीच होती. त्यामुळे गोव्यातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत. कोणी बोटीवर खलाशी म्हणून चढे, कोणी साहेबाच्या घरी आचारी होई, कोणी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवी, तर ज्याला थोडे लिहिता-वाचता येई, तो एखाद्या पेढीत कारकून म्हणून चिकटे. धोबीतलाव, कावेल, माझगाव या वस्त्यांत अशा गोमंतकीयांच्या ‘कुडी’ असत. एकेका गावाच्या लोकांनी वर्गणी काढून घेतलेली ती वसतिगृहेच होती. एका भिंतीशी आपली पेटी ठेवावी, रात्री जमिनीवर अंथरूण पसरावे आणि सकाळी कामाच्या शोधात बाहेर पडावे, असा तेथील क्रम. गरिबीत का होईना, पण गावाचा माणूस गावाच्या माणसाला तेथे परका होत नसे. आणि रविवारी दुपारी हीच माणसे चेंडू घेऊन जवळच्या मैदानावर जात.

मुंबईत फुटबॉलची परंपरा तेव्हाच अर्धशतकाहून अधिक जुनी झालेली होती. रोव्हर्स चषकाची स्पर्धा येथे इ. स. १८९१ मध्ये सुरू झाली. प्रारंभी ती गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी होती. इ. स. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला, तेव्हा कोठे हिंदी नागरिकांच्या संघाचे नाव त्यावर कोरले गेले. इ. स. १९०२ पासून हारवुड लीग नावाची साखळी स्पर्धाही चालत असे. या सर्व खेळाचे केंद्र म्हणजे किल्ल्याच्या दक्षिणेस असलेले कूपरेज मैदान. पिंपे बनविणाऱ्या कारागिरांना इंग्रजीत कूपर म्हणतात. त्यांच्या कामाच्या जागेवरून मैदानाला हे नाव पडले. ज्या काळात क्रिकेटचे पंचरंगी सामने मुंबईचे लक्ष वेधून घेत होते, त्याच काळात कूपरेजच्या लाकडी बाकांवर गिरणीकामगार, गोदीकामगार, गोमंतकीय आणि इराणी हॉटेलवाले खांद्याला खांदा लावून बसत आणि पावसाने चिखल झालेल्या मैदानातील झुंज पाहत. या दुसऱ्या मुंबईविषयी आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे.

स्वातंत्र्यानंतर पलटणींचे संघ गेले आणि त्यांची जागा मोठमोठ्या कंपन्यांच्या संघांनी घेतली. टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे अशा संस्था चांगल्या खेळाडूंना आपल्याकडे नोकरी देत व आपल्या संघातून खेळवीत. नेव्हिल डिसोझा हे टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळू लागले. त्यांचे बंधू डेरेक हेही नावाजलेले खेळाडू होते, आणि कूपरेजवर या दोघा भावांचे नाव प्रेक्षकांच्या तोंडी बसले.

येथे त्या वेळच्या नोकरीपेशाच्या खेळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आज मोठ्या खेळाडूला खेळासाठी पैसे मिळतात आणि ते योग्यच मानले जाते. त्या काळी तसे नव्हते. ऑलिंपिकमध्ये केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे. खेळाबद्दल ज्याने वेतन घेतले, तो धंदेवाईक ठरे व त्याला ऑलिंपिकचे दार बंद होई. युरोपातही हा प्रश्न धगधगत होता. हॉलंडमध्ये फास विल्केस नावाचा रॉटरडॅमचा एक अत्यंत गुणी आघाडीचा खेळाडू होता. इ. स. १९४९ मध्ये तो पैसे घेऊन इटलीतील इंटर मिलान संघाकडून खेळावयास गेला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या देशाने त्याला राष्ट्रीय संघातून काही वर्षे दूर ठेवले. इ. स. १९५४ मध्ये हॉलंडने धंदेवाईक फुटबॉलला मान्यता दिली, तेव्हा ही अडचण दूर झाली. भारतीय खेळाडूपुढे असा पेच पडण्याचा संभवच नव्हता. इटलीहून त्याला बोलावणे येत नव्हते आणि घरी त्याच्यासाठी पगारी संघ नव्हते. कंपनीतील नोकरी हाच त्याच्या उदरनिर्वाहाचा मार्ग होता आणि खेळ हा त्या नोकरीच्या आधाराने फुललेला वेल होता. पाय मोडला, वय झाले, तर जवळ उरणार ती नोकरीच. टाटांच्या संघात नेव्हिल यांना मिळालेल्या जागेचे मोल हे असे होते.

ते मध्यवर्ती आघाडीवीर होते. अकरा खेळाडूंत हे स्थान सर्वांत सोपे दिसते व सर्वांत अवघड असते. गोलरक्षकाला अखेर हात वापरता येतात, बचावपटूच्या मागे निदान गोलरक्षक तरी असतो, कडेच्या खेळाडूला पळावयास मोकळी जागा मिळते. परंतु आघाडीच्या मधल्या खेळाडूला शत्रूच्या सर्वांत दाट गर्दीत उभे राहावे लागते. सबंध दीड तासात चेंडू त्याच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच येतो आणि त्यातून त्याला गोल करावयाचा असतो. वेगापेक्षा येथे अंदाज अधिक उपयोगी पडतो. चेंडू कोठे आहे हे सर्वांनाच दिसते, पण तो कोठे येणार हे ज्याला क्षणभर आधी कळते, तोच खरा आघाडीवीर. नेव्हिल यांचे सामर्थ्य यात होते. गोलाच्या तोंडाशी अचूक जागी असणे आणि मिळालेली संधी वाया न दवडणे, या दोन गोष्टींसाठी ते ओळखले जात.

राज्याराज्यांच्या संघांत खेळली जाणारी संतोष चषक स्पर्धा इ. स. १९४१ मध्ये सुरू झाली. तिच्यावर बंगालचे वर्चस्व होते. मुंबईने इ. स. १९५४-५५ च्या स्पर्धेत सेनादलाच्या संघाला २-१ असे हरवून तो चषक पहिल्यांदाच जिंकला. या विजयी संघात नेव्हिल होते. मुंबईचा हा खेळाडू सबंध देशाच्या नजरेत भरू लागला, तो याच सुमारास.

आता भारतीय फुटबॉलची त्या वेळची स्थिती पाहिली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढील घटनेचे महत्त्व ध्यानात यावयाचे नाही. स्वतंत्र भारताचा संघ इ. स. १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेला, तेव्हा त्यातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सशी त्यांनी जीव तोडून झुंज दिली. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना १-२ असा हातचा गेला. लोकांनी त्यांचे कौतुक केले, पण त्या कौतुकात थोडा अचंब्याचाही भाग होता. इ. स. १९५१ मध्ये दिल्लीला भरलेल्या पहिल्या आशियाई सामन्यांत इराणला हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा आपला खेळ जागतिक तोलाचा झाला असे अनेकांना वाटले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला हा भ्रम फिटला. तेथील थंडीत, निसरड्या हिरवळीवर युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. या पराभवानंतर बूट घालून खेळण्याचा आग्रह धरला गेला. पायाला सवय नसताना बूट घालणे म्हणजे लिहिणाऱ्याने बोटांना पट्ट्या बांधून लिहिणे. तरीही ही सवय लावून घेणे भाग होते.

ही घडी नव्याने बसविणारा पुरुष म्हणजे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते पेशाने शिक्षक होते. त्यांच्या शिकवणुकीखाली हैदराबाद पोलिसांच्या संघाने इ. स. १९५० पासून लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला होता. मुंबईच्या प्रेक्षकांना आपल्याच मैदानावर हा पराक्रम निमूटपणे पाहावा लागला होता. रहीम यांची शिस्त कडक, पण दृष्टी आधुनिक होती. इ. स. १९५३ मध्ये हंगेरीच्या संघाने इंग्लंडला त्यांच्याच वेम्ब्ले मैदानावर ६-३ असे हरविले, तेव्हा जगभरच्या शिक्षकांनी आपापल्या वह्या नव्याने लिहावयास घेतल्या. हंगेरीचे खेळाडू चेंडू दूरवर भिरकावून त्याच्यामागे धावत नसत. ते तो जवळच्या जवळ एकमेकांना देत आणि आपल्या जागा सतत बदलीत. शरीराने थोराड नसलेल्या पण चपळ असलेल्या भारतीय मुलांना हाच खेळ साधेल, हे रहीम यांनी ओळखले. मेलबर्नच्या ऑलिंपिकसाठी त्यांनी जो संघ उभा केला, त्यात हैदराबादचे, बंगालचे, म्हैसूर-मद्रासचे खेळाडू होते. बंगालचा समर बॅनर्जी हा कर्णधार होता. उजव्या कडेला वीस वर्षांचा प्रदीपकुमार बॅनर्जी होता. हैदराबादचा तुलसीदास बलराम तितकाच कोवळा होता. मुंबईचे दोघे. गोलरक्षकांपैकी एक एस. एस. नारायण आणि आघाडीच्या मध्यभागी चोवीस वर्षांचे नेव्हिल डिसोझा.

इ. स. १९५६ चे ते वर्ष शांततेचे नव्हते. ऑक्टोबर महिन्यात हंगेरीत उठाव झाला आणि नोव्हेंबरच्या आरंभी रशियन रणगाड्यांनी तो चिरडून टाकला. त्याच सुमारास सुवेझ कालव्यावरून इजिप्तवर हल्ला झाला. या घटनांच्या निषेधार्थ हॉलंड, स्पेन, स्वित्झर्लंड हे देश ऑलिंपिकला गेलेच नाहीत, इजिप्तही गेला नाही. फुटबॉलमध्ये सोळा संघांची अपेक्षा होती, परंतु प्रत्यक्षात अकराच संघ मैदानात उतरले. भारताची पहिली गाठ हंगेरीशी होती. हंगेरी म्हणजे मागच्या ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता. त्यांचा फुटबॉल संघ आला नाही आणि भारताला न खेळताच पुढची चाल मिळाली.

ही चाल भाग्याची खरी, पण तिला एक काटाही होता. आपण आपल्या बळावर आठांत आलो नाही, हे प्रत्येक खेळाडूला ठाऊक होते. जगालाही ते ठाऊक होते. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाऊन गेलेला संघ आता न खेळता उपउपान्त्य फेरीत येऊन बसला होता आणि पुढचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी होता. ऑस्ट्रेलियाने जपानला २-० असे हरवून ही फेरी गाठली होती. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, धिप्पाड खेळाडू. भारताने येथे हार खाल्ली असती, तर त्यांच्या वाटचालीची नोंद पोकळच ठरली असती.

नेव्हिल यांच्या बाबतीत आणखीही एक गोष्ट होती. ज्या देशाच्या रंगाचा सदरा त्यांनी अंगात घातला होता, त्या देशात त्यांचे वाडवडिलांचे गाव अद्याप नव्हते. गोवा मुक्त झाला नव्हता. आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला होता आणि त्यात अनेकांनी प्राण गमावले होते. मुंबईतील गोमंतकीयांना गावी जाणे-येणे कठीण होऊन बसले होते. अशा काळात एक गोमंतकीय तरुण भारताचा आघाडीवीर म्हणून मेलबर्नच्या मैदानात उभा होता. त्या वेळच्या वर्तमानपत्रांना या गोष्टीचा फारसा विचार करावासा वाटला नसेल, पण मागे वळून पाहताना ती नजरेआड करता येत नाही.

१ डिसेंबर १९५६ हा शनिवारचा दिवस. खेळ सुरू होऊन नऊ मिनिटे झाली न झाली तोच नेव्हिल यांनी पहिला गोल केला. प्रेक्षक अवाक झाले. परंतु सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने बरोबरी साधली आणि मैदानावर पुन्हा यजमानांचा आवाज घुमू लागला. असे क्षण नवख्या संघाची परीक्षा पाहतात. पहिला गोल योगायोगाचा होता, अशी शंका प्रतिपक्षाच्या मनात येते आणि पुष्कळदा ती आपल्याही मनात शिरते. भारतीय संघ मात्र बिथरला नाही. चेंडू जवळच्या जवळ देत, कडेने पुढे नेत, त्याने आपला खेळ तसाच चालू ठेवला. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. मध्यंतरास थोडा अवधी उरला असताना त्याच मॉरोने तोही फेडला. अर्धा खेळ संपला, तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच होत्या. दोनदा पुढे जाऊनही भारताच्या हाती काही उरले नव्हते.

मध्यंतरानंतर पाच मिनिटांतच त्याचे उत्तर मिळाले. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी तिसऱ्यांदा चेंडू जाळ्यात धाडला. एकाच खेळाडूने एकाच सामन्यात तीन गोल करणे याला हॅटट्रिक म्हणतात. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे नेव्हिल डिसोझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. या वेळी मात्र ऑस्ट्रेलियाला बरोबरी साधता आली नाही. शेवटची दहा मिनिटे राहिली असता कृष्णस्वामी, ज्यांना सर्वजण किट्टू म्हणत, यांनी चौथा गोल केला आणि सामना ४-२ असा भारताच्या पदरात पडला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत तोपर्यंत कोणताही आशियाई देश पोहोचला नव्हता. हंगेरीच्या गैरहजेरीने मिळालेली चाल आता कोणालाही बोचण्यासारखी राहिली नाही.

तीन दिवसांनी, ४ डिसेंबरला, मेलबर्नच्या विशाल क्रिकेट मैदानावर उपान्त्य सामना झाला. समोर होता युगोस्लाव्हिया, हेलसिंकीला दहा गोल करणारा तोच देश. आदल्या फेरीत त्याने अमेरिकेचा ९-१ असा पराभव केला होता. मध्यंतरापर्यंत त्याला भारतावर एकही गोल करता आला नाही. एवढीच गोष्ट चार वर्षांत किती अंतर कापले गेले होते, ते सांगण्यास पुरेशी आहे. आणि मध्यंतरानंतर लवकरच, ज्याची कोणी कल्पनाही केली नव्हती ते घडले. नेव्हिल यांनी गोल केला. भारत आघाडीवर गेला. ऑलिंपिकचा अंतिम सामना त्या क्षणी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर होता.

ती आघाडी दोन-तीन मिनिटेच टिकली. डिवचल्या गेलेल्या युगोस्लाव्हियाने थोड्या थोड्या अवधीने तीन गोल केले. पुढे एका भारतीय बचावपटूकडूनच चेंडू स्वतःच्या गोलात गेला. ४-१ असा तो सामना संपला. रहीम यांच्या शिष्यांनी तंत्र आत्मसात केले होते, पण दीड तास तोच वेग टिकविण्याची ताकद, जी कसलेल्या युरोपीय संघांजवळ असते, ती अद्याप यावयाची होती. आघाडी मिळाल्यावर ती राखावी कशी, याचा अनुभवही नव्हता, कारण इतक्या मोठ्या सामन्यात आघाडी मिळण्याचा प्रसंगच पूर्वी आला नव्हता.

कांस्यपदकासाठी ७ डिसेंबरला बल्गेरियाशी गाठ पडली. बल्गेरियाने ब्रिटनचा ६-१ असा पराभव केला होता आणि अंतिम विजेत्या रशियाशीही जादा वेळेपर्यंत झुंज दिली होती. भारत ०-३ असा हरला आणि चौथ्या क्रमांकावर राहिला. त्याच्या आदल्याच दिवशी भारताच्या हॉकी संघाने पाकिस्तानला एका गोलाने हरवून सुवर्णपदक मिळविले होते. साहजिकच देशातील आनंदाचा सारा ओघ हॉकीकडे वळला. ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकाला पदक नसते आणि पदक नसलेल्यांची नावे लोकांच्या स्मरणातून लवकर पुसली जातात. पण गोलांचा हिशेब मांडला, म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. भारताने त्या ऑलिंपिकमध्ये एकूण पाच गोल केले. त्यांतील चार एकट्या नेव्हिल यांचे होते. सबंध स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि भारताचे नेव्हिल डिसोझा अशी तीन नावे बरोबरीने लागली. भारतीय फुटबॉलपटूने जगातील आघाडीवीरांच्या पंक्तीत असे बरोबरीचे पान मांडून घेतल्याचे दुसरे उदाहरण नाही.

परतण्यापूर्वी, १२ डिसेंबरला सिडनी येथे ऑस्ट्रेलियाशी मैत्रीचा एक सामना झाला. तो भारताने ७-१ असा जिंकला. मेलबर्नचा विजय नशिबाचा होता, असे ज्यांना वाटत असेल, त्यांना या आकड्यांनी परस्पर उत्तर दिले.

नेव्हिल मुंबईला परत आले. तेथे त्यांची वाट पाहत होती ती नोकरी आणि तेच कूपरेज. युरोपात अशा आघाडीवीराकडे मोठमोठे संघ करार घेऊन धावले असते. येथे त्याची वाट ठरलेली होती. दिवसा कामावर जावे, संध्याकाळी सराव करावा, हंगामात कंपनीसाठी आणि राज्यासाठी खेळावे. त्यात त्यांनी कधी कमीपणा मानल्याचे दिसत नाही, पण आपण त्यांच्या पायातील गुणांचा पुरेपूर उपयोग करून घेतला असेही म्हणता यावयाचे नाही. आघाडीवीराचे उमेदीचे दिवस थोडे असतात. चार वर्षांनी, इ. स. १९६० मध्ये, भारतीय संघ रोमच्या ऑलिंपिकला गेला, तेव्हा त्यात प्रदीपकुमार बॅनर्जी कर्णधार होते, बलराम होते, मुंबईचे नारायणही होते. नेव्हिल नव्हते. त्यांची जागा नव्या पिढीने घेतली होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि आसगाव भारतात आले. पुढच्याच वर्षी रहीम यांच्या शिष्यांनी जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक दुसऱ्यांदा जिंकले. त्या संघात फोर्तुनातो फ्रँको हा मध्यफळीतील गोमंतकीय खेळाडू होता. तोही नेव्हिल यांच्याप्रमाणेच मुंबईत वाढलेला आणि टाटांच्या संघातून पुढे आलेला. रहीम यांचा अंत जून १९६३ मध्ये झाला. त्यांच्यामागे भारतीय फुटबॉलला ती पायरी पुन्हा गाठता आली नाही. हळूहळू मुंबईचे महत्त्वही कमी होत गेले आणि खेळाचा जोर कलकत्ता व गोवा यांच्याकडे राहिला. गोव्यात मेलबर्नच्याच वर्षी स्थापन झालेला साळगावकर क्लब व त्यामागून आलेले इतर क्लब यांनी खेळाडूंना घरीच नोकऱ्या देऊ केल्या. मुंबईच्या कुडीत पेटी ठेवून चेंडूमागे धावण्याची गरज आता गोमंतकीय मुलाला उरली नाही.

सरकारने खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार सुरू केला तो इ. स. १९६१ मध्ये. फुटबॉलमधील पहिला पुरस्कार प्रदीपकुमार बॅनर्जी यांना मिळाला, पुढच्या वर्षी तो बलराम यांना मिळाला. दोघेही त्याला सर्वस्वी पात्र होते. मेलबर्नच्या त्या शनिवारी ज्यांनी तीन गोल केले, त्यांचे नाव मात्र त्या यादीत कधीच आले नाही.

रोमनंतर भारताला ऑलिंपिक फुटबॉलमध्ये प्रवेश मिळविता आलेला नाही. नेव्हिल डिसोझा यांचे निधन इ. स. १९८० मध्ये झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यांचे आघाडीतील सोबती दीर्घायुषी ठरले. प्रदीपकुमार बॅनर्जी इ. स. २०२० मध्ये, कर्णधार समर बॅनर्जी इ. स. २०२२ मध्ये आणि तुलसीदास बलराम इ. स. २०२३ मध्ये निवर्तले.